संयानची मठिका व तिच्या शेजारची पेठ

चिंचणी येथें सन १९५५ मध्यें जे ताम्रपट उजेडांत आले त्यांवर एकंदर पांच लेख आहेत. डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनीं ते वाचून एपिग्राफिया इंडिकाच्या ३२ व्या खंडांत प्रसिद्ध केले, आणि तेव्हांपासून राष्ट्रकूट व शिलाहार यांच्या इतिहासाचे अभ्यासक त्यांचा आधार घेत आले आहेत. बहुतेकांचें लक्ष राजांच्या व मांडलिकांच्या नांवांकडे गेलें, तें साहजिकच होय. प्रा. रणबीर चक्रवर्ती यांनीं सन १९९० मध्यें स्वतंत्र निबंध लिहून राजे, व्यापारी व मठ या तिहींचा संबंध या लेखांतून दाखविला. आमचा हेतु याहून लहान आहे. एका विद्यास्थानाच्या भिंतीला लागून नांदलेली आणि पुढें नाममात्रहि न उरलेली एक पेठ या पांच लेखांतून कितपत दिसते, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

प्रथम स्थळनिश्चय. चिंचणी व तारापूर हीं जोडगांवें एका खाडीच्या दोन कांठांवर वसलीं आहेत; उत्तरेस चिंचणी, दक्षिणेस तारापूर. त्रैमासिकाच्या वाचकांस तारापूर आठवतें तें सन १७३९ च्या जानेवारींत चिमाजीआपांच्या फौजेनें घेतलेल्या फिरंगी किल्ल्यामुळें आणि त्या हल्ल्यांत कामास आलेल्या बाजी भिवराव रेठरेकरांमुळें. नव्या पिढीस तें सन १९६९ पासून चालू असलेल्या अणुवीज केंद्रामुळें व बोईसरच्या कारखान्यांमुळें ठाऊक आहे. परंतु ताम्रपटांतील 'संयान' या खाडीवर नाहीं. तें चिंचणीच्या उत्तरेस वारोळी नदीच्या कांठचें आजचें संजाण होय. पट सांपडले त्या वेळीं चिंचणी व संजाण हीं दोन्ही स्थळें ठाणें जिल्ह्यांतच होतीं. सन १९६० च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस उंबरगांव तालुका गुजरातेंत गेला, त्याबरोबर संजाणहि गेलें. आणि सन २०१४ मध्यें ठाण्यांतून पालघर जिल्हा निराळा निघाला, त्यांत चिंचणी आली. यामुळें पट एका राज्यांत सांपडलेले व त्यांतील नगर दुसऱ्या राज्यांत, अशी स्थिति झाली आहे. दहाव्या शतकांत ही सीमा नव्हती. संयानमंडल हा एकच मुलूख होता.

पहिला लेख शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट इंद्र तिसरा याच्या कारकीर्दींतील आहे. त्या वेळीं संयानमंडलाचा कारभार मधुमति नांवाच्या ताजिक अधिकाऱ्याकडे होता. हें मंडल त्यास इंद्राच्या पूर्वीच्या कृष्ण दुसरा या राजाकडून मिळालें होतें. 'ताजिक' म्हणजे अरब. ज्योतिषांतील ताजिक ग्रंथांमुळें हा शब्द आमच्या जुन्या शास्त्र्यांस परका नाहीं. 'मधुमति' हें मुहम्मद या नांवाचें संस्कृत रूप होय, व त्याच्या पित्याचें 'सहियारहार' हें नांव शहरियार या फार्शी नांवावरून बनलें असावें. याच अधिकाऱ्यास लेखांत 'सुगतिप' असेंहि म्हटलें आहे. त्यानें आसपासच्या वेलाकुलांचे, म्हणजे बंदरांचे, अधिपति जिंकून तेथें आपलीं माणसें बसविलीं, असें लेख सांगतो. पेठेच्या दृष्टीनें हा उल्लेख महत्त्वाचा आहे. ज्याच्या हातीं किनाऱ्याचीं बंदरें, त्याच्या हातीं जकात. आणि जकातीचा मुलूख सांभाळण्यास समुद्रापारच्या व्यापाऱ्यांची भाषा व रीतभात जाणणारा माणूस राष्ट्रकूटांनीं निवडला, यांत त्यांची व्यवहारदृष्टि दिसते. हा सारा किनारा मान्यखेटाहून शेंकडों कोस दूर, व मध्यें सह्याद्रि आडवा, हें ध्यानांत घ्यावें.

याच कारभारांत संयानास दोन सोयी झाल्या. दोन प्रवाहांवर फुकट तरीची व्यवस्था झाली, आणि एक सत्र निघालें. त्यांत साळीचा भात, कालवणें व तूप मोफत मिळे. तरीच्या उल्लेखावरून आम्हांस उषवदाताच्या नाशिक येथील शिलालेखाची आठवण होते. इ. स. च्या दुसऱ्या शतकांतील त्या लेखांत इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा व दाहानुका या नद्यांवर त्यानें धर्मार्थ नावा ठेवल्याचें नमूद आहे. यांतील दाहानुका म्हणजे डहाणूची नदी. तेव्हां या किनाऱ्यावर खाडीपार होणें हें नेहमींच प्रवाशाच्या खर्चाचें व खोळंब्याचें काम होतें, व तें सोपें करून देणें हें आठशें वर्षांच्या अंतरानेंहि तितकेंच पुण्याचें मानलें जात होतें. पुण्य तर खरेंच. पण जेथें उतार फुकट व जेवण फुकट, तेथें बैल, ओझीं व माणसें गोळा होतात, आणि माणसें गोळा झालीं कीं दुकानें उघडतात, हेंहि तितकेंच खरें.

आतां मठिका. भारद्वाज गोत्राचा अन्नैय नामक ब्राह्मण हा मधुमतीचा मंत्री पुव्वैय याचा मित्र. त्यानें संयानास देवीची एक मठिका बांधली. तिच्या डागडुजीसाठीं, देवीच्या नैवेद्यासाठीं व संयानच्या पंचगौडीय महापर्षदेंतील नऊ जणांच्या भोजनासाठीं कोलिमहार विषयांतील काणाडुक हा गांव आणि देवीहार गांवांतील कांहीं जमीन इंद्रराजाच्या अनुमतीनें तोडून देण्यांत आली. या लेखाचा उल्लेख करतांना अलीकडे कोणी 'मुसलमान सुभेदारानें देवीचें देऊळ बांधलें' असें लिहितात, तर कोणास तो लेखच अडचणीचा वाटतो. दोन्ही पक्षांस आमचें सांगणें इतकेंच, कीं लेख जसा आहे तसा वाचावा. बांधणारा अन्नैय, मध्यस्थ पुव्वैय, अधिकारी मधुमति, अनुज्ञा इंद्रराजाची. चौघांचीं कामें निरनिराळीं आहेत व लेखानें तीं निरनिराळींच सांगितलीं आहेत. त्यांचें मिश्रण करून एकास सर्व श्रेय किंवा सर्व दोष देणें हें संशोधन नव्हे.

या संस्थेस आजच्या अर्थानें महाविद्यालय म्हणतां येणार नाहीं. येथें किती जण शिकत, काय शिकत, परीक्षा कोण घेई, असल्या प्रश्नांस पट उत्तर देत नाहींत. पण ती नुसती पूजास्थान नव्हती. महापर्षद ही विद्वानांची सभा; तिच्या नऊ जणांचें नित्याचें भोजन ही मठिका चालविते; आणि पुढील एका लेखांत तेथें येणाऱ्या 'स्वाध्यायिकां'चा, म्हणजे वेदाध्ययन करणाऱ्या विद्वानांचा, स्पष्ट उल्लेख येतो. जागा, उत्पन्न, सभा व अध्ययन करणारे लोक हीं चार अंगें जेथें एकत्र दिसतात त्यास विद्यास्थान म्हणण्यास हरकत नसावी.

दुसरा लेख आमच्या विषयाचा गाभा आहे. त्यावर शक दिलेला नाहीं, पण तो कृष्ण तिसरा याच्या काळचा, म्हणजे दहाव्या शतकाच्या मध्यावरचा आहे. मठिकेस आतां 'कौतुक-मठिका' म्हटलेलें आहे, व ही पहिल्या लेखांतीलच मठिका होय असें डॉ. सरकार मानतात. तिच्या शेजारीं भिल्लमालदेवाचें देऊळ होतें. हा देव म्हणजे मधुसूदन. भिल्लमाल म्हणजे आजच्या राजस्थानांतील भिनमाळ. तेथून येऊन संयानास राहिलेल्या वाण्यांनीं हा देव स्थापिला, म्हणून त्याचें नांव त्यांच्या मूळ गांवावरून पडलें. घर सोडून परमुलुखांत दुकान घालणारा माणूस आपला देव बरोबर आणतो, ही रीत आजहि पालघरपासून कोणत्याहि पेठेंत पाहावयास मिळते. अशा देवळाचा कारभार 'वारिक' पाहत.

तंटा जमिनीचा होता. मठिकेभोंवतीं जें आवार घातलें गेलें त्यांत भिल्लमालदेवाच्या मालकीची कांहीं जागा आली. वाद झाला, आणि अखेर उभयतांत 'व्यवस्था' ठरली. जागा मठिकेच्या आवारांतच राहावी व तिच्याबद्दल महापर्षदेनें देवाच्या वारिकांस दरसाल ४० द्रम्म 'स्रोतक' द्यावें. स्रोतक म्हणजे भाडें.

हा छोटा करार आम्हांस पुष्कळ सांगून जातो. पहिली गोष्ट, मठिका व वाण्यांचें देऊळ यांच्यामध्यें मोकळी जागा उरली नव्हती. भिंत बांधली ती दुसऱ्याच्या हद्दींत गेली, इतकी वस्ती दाट होती. रानांत तपोवन असतें तर हा प्रश्नच उद्भवता ना. दुसरी, व्यापारी हे राजमान्य मठिकेपुढें दबून राहिले नाहींत. ज्या संस्थेस राजानें गांव तोडून दिला तिच्याशीं ते भांडले व तिला भाडेकरी करून सोडलें. तिसरी, भाडें धान्यांत किंवा तेलांत ठरलें नाहीं, तें नाण्यांत ठरलें. ज्या गांवांत विद्वानांची सभाहि वर्षाचें देणें द्रम्मांत देते, त्या गांवांत नाणें हातोहात फिरत असलें पाहिजे. मराठींतील 'दाम' हा शब्द याच द्रम्माचा वंशज. देवळाभोंवतीं दुकानांच्या ओळी होत्या असें लेख म्हणत नाहीं. तो आमचा तर्क आहे. परंतु वाण्यांनीं बांधलेलें व वाण्यांच्या पैशावर चाललेलें देऊळ त्यांच्या वस्तीपासून दूर असणें संभवत नाहीं, आणि त्या काळीं वाण्याची वस्ती व त्याचें दुकान हीं निराळीं नसत.

तिसरा लेख शके ९५६ चा, इ. स. १०३४ चा. राष्ट्रकूट सत्ता जाऊन साठ वर्षें होत आलीं होतीं. उत्तर कोंकण शिलाहारांकडे होतें, गादीवर छित्तराज होता, व संयानास त्याचा महासामंत चामुंडराज कारभार पाहत होता. राजवंश बदलला, धर्माधिकारी बदलले असतील, पण कौतुक-मठिका जागच्या जागीं होती. तिला चामुंडराजानें एक 'घाणक' दिला. घाणक म्हणजे तेलाचा घाणा. शब्द आजहि आमच्या तोंडीं जवळजवळ तसाच आहे. घाण्याच्या तेलाचा विनियोगहि लेखांत सांगितला आहे. भगवती देवीपुढें दिवा जळावा, आणि स्वाध्यायिक पाहुण्यांच्या पायांस तेल चोळावें.

आम्हांस सगळ्या लेखांत हें वाक्य फार आवडतें. राजस्तुति, शत्रूंचे पराभव, कीर्तीनें उजळलेल्या दिशा, हें सर्व ताम्रपटांत ठरीव असतें; पण दूरवरून चालत आलेल्या विद्वानाचे पाय दुखतात व त्यांस तेल लागतें, हें कोणीतरी ध्यानांत ठेवून तांब्यावर खोदविलें. चिंचणी-डहाणूकडील खारट जमिनींतून व चिखलांतून पायीं हिंडलेल्या माणसास याची किंमत सांगावयास नको. शिवाय घाण्याचें दान म्हणजे एकदां दिलेली रक्कम नव्हे. घाणा चालावा तर तेली हवा, बैल हवा, तीळ आणणारा कुणबी हवा, व उरलेलें तेल व पेंड विकत घेणारें गिऱ्हाईक हवें. तेव्हां राजानें मठिकेस जें दिलें तें वस्तुतः पेठेंतील एका चालत्या धंद्याचें उत्पन्न होय. मठिकेचा दिवा पेठेच्या तेलावर जळत होता.

याच लेखांत अल्लीय, महर व मधुमत हीं नांवें येतात. पहिलें अली व शेवटचें मुहम्मद, हें उघड आहे. पहिल्या मधुमतीनंतर शंभरांवर वर्षांनीं संयानास अरब व्यापारी प्रतिष्ठित म्हणून नांदत होते, व मठिकेच्या दानाच्या लेखांत इतर नागरिकांबरोबर त्यांचींहि नांवें घालण्याची गरज चामुंडराजाच्या लेखकास वाटली. 'हंयमन' हा शब्द शिलाहारांच्या पत्रांत ठिकठिकाणीं येतो व तो फार वादाचा झाला आहे. कोणी तें संजाणचेंच नांव मानतात. कोणी तो अंजुमन या फार्शी शब्दाचा अवतार मानून त्याचा अर्थ पारशांची जमात असा करतात. पारशांची परंपरा संजाणास आपलें पहिलें ठाणें मानते, व नवसारीच्या बहमन कैकोबाद यानें सन १६०० च्या सुमारास रचलेला 'किस्से संजाण' हा फार्शी काव्यग्रंथ तीच कथा सांगतो. आमचा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे. तो ग्राह्य धरल्यास या एका पेठेंत भिनमाळचे वाणी, अरब, पारशी व पंचगौड ब्राह्मण अशा चार जमाती एकत्र आलेल्या दिसतात, आणि त्यांतील बहुतेक मुळांत परगांवच्याच.

बाहेरचा पुरावा याशीं जुळतो. नवव्या शतकांतील अरब इतिहासकार बलाधुरी हा 'सिंदान' नगराची हकीकत देतो. फझल बिन माहान यानें तें घेऊन खलीफा मामून याजकडे हत्ती नजर पाठविला व तेथें जुम्मा मशीद बांधली. पुढें भाऊबंदकी होऊन नगर हिंदूंनीं परत घेतलें, परंतु मशिदीस हात लावला नाहीं, तेथें नमाज चालूं दिला. सिंदान म्हणजे संजाणच, कीं कच्छांतील दुसरें स्थळ, याबद्दल मतभेद आहे, म्हणून या हकीकतीवर आम्ही फार भार देत नाहीं. जमिनींतला पुरावा अधिक भरंवशाचा. सन २००२ ते २००४ या वर्षांत संजाण येथें उत्खनन झालें, त्यांत पश्चिम आशियांतील निळसर झिलईचीं भांडीं, चिनी भांड्यांचे तुकडे, कांचेच्या वस्तु व पारशांचा एक जुना दोखमाहि सांपडला. तेथील वस्ती सामान्यतः आठव्या ते तेराव्या शतकांतील ठरते. फुटक्या झिलईदार खापरांस कोणी दानपत्र लिहून दिलेलें नाहीं, पण तीं पटांची साक्ष देतात.

उरलेले दोन लेख, चौथा व पांचवा, मोढ कुळांतील विज्जलाचे, शके ९६९ व ९७५ चे. त्यांत पेठेविषयीं नवें असें थोडें आहे. पण इ. स. १०५३ पर्यंत, म्हणजे पहिल्या पटापासून १२७ वर्षें, मठिका चालत होती, इतकें त्यांवरून पक्कें होतें. तीन राजकुळांच्या हाताखालून ती गेली. त्यानंतर ती आपल्या दृष्टीआड होते, व तेराव्या शतकानंतर तें पत्तनहि ओसरतें. समुद्राचा व्यापार या किनाऱ्यावरून गेला नाहीं. त्यानें बंदरें बदललीं. फिरंगी काळांत डहाणू, तारापूर, माहीम हीं नांवें पुढें आलीं, संजाण मागें पडलें.

मग संयानच्या मठिकेचे पट चिंचणीस कसे? ताम्रपट हा दान घेणाराचा दस्तऐवज. तो देणाराच्या दप्तरांत राहत नाहीं, ज्याचा हक्क त्याच्या घरीं राहतो, आणि घर उठलें कीं माणसाबरोबर जातो. किस्से संजाणांत म्हटलें आहे, कीं संजाण पडल्यावर पारशांनीं आपला पवित्र अग्नि उचलून बहारोटच्या डोंगरांत नेला व तेथें बारा वर्षें राखला. बहारोटचीं लेणीं आज पालघर जिल्ह्यांत आहेत. जसा त्यांनीं अग्नि नेला तसे मठिकेच्या कोणा वारसानें आपले हक्काचे पट दक्षिणेस आणिले असावेत, असा आमचा तर्क आहे. काणाडुक गांवाचें उत्पन्न कधींच बंद झालें असेल, घाणा मोडला असेल, ४० द्रम्मांचें भाडें मागणारा वारिक उरला नसेल. तरी कागद टाकवत नाहीं ही इनामदाराची वृत्ति आम्हां सर्वांच्या परिचयाची आहे. त्या वृत्तीचे उपकार मानावे तेवढे थोडे. वाण्यांच्या वह्या, अरबांचे हिशेब, तेल्याची उधारी, यांतलें एक अक्षर राहिलें नाहीं. पेठेनें स्वतःविषयीं कांहींच मागें ठेविलें नाहीं. तिच्याबद्दल जें कळतें तें शेजारच्या मठिकेनें आपल्या हद्दीचा व तेलाचा हक्क शाबूत राहावा म्हणून जपलेल्या पत्र्यांवरून.

आज पालघरास सोनोपंत दांडेकरांच्या नांवाचें महाविद्यालय आहे, चिंचणीसहि एक आहे. कोणत्याहि महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर वह्या, चहा व छापील कागदांचीं दुकानें लागतात, व त्यांची जागा कोणाच्या हद्दींत येते यावरून वादहि होतात. त्या वादांचे कागद ज्यांच्याकडे असतील त्यांस ते क्षुल्लक वाटतील. हस्तलिखितें जमविणाऱ्या आमच्या मित्रांचा ओढाहि बखरींकडे, सनदांकडे व सचित्र पोथ्यांकडे असतो. भाडेपट्टे, हद्दीचे करार, घाण्याच्या करांच्या पावत्या बाजूस पडतात. जुनें तांबें तर तांबटाकडे वजनानें जातें. चिंचणी, तारापूर, डहाणू, माहीम या भागांतील जुन्या घरांत असा एखादा पत्रा किंवा भाडेपट्टा आढळल्यास त्याचा ठसा अथवा छायाचित्र घ्यावें, तो कोठें, कोणत्या वस्तूंबरोबर व किती खोलीवर सांपडला तें त्याच दिवशीं लिहून ठेवावें, आणि घासून स्वच्छ करण्याचा मोह टाळावा. संजाणच्या बाजूस देवीहार व काणाडुक यांच्या शिवारांत मठिकेच्या जमिनींच्या खुणा शोधणें हें काम अद्याप बाकी आहे. पावसाळा संपल्यावर, भात कापल्यानंतरचे दिवस त्यास सोयीचे.